मोजून दिलेलं औषध

"सासूला मारायला निघाल्याचा आळ आहे माझ्यावर," खुर्चीवर बसण्याआधीच ती म्हणाली. "आणि घरात कुणालाच माझं म्हणणं पटत नाही."

ज्या गुप्तहेरांकडे ती आली होती, त्यांना सगळे टाचणी म्हणत, कारण ते अंगाने बारीक होते आणि नेमक्या जागी टोचत. सोबत कायम त्यांचा मेहुणा असे. तो जाडजूड, प्रेमळ, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश जरा उशिराच पडे.

सुनेने सांगितलं ते असं. सासूबाईंच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. रक्त गोठवणाऱ्या एन्झाइमला अडवणारी, प्रयोगशाळेत घडवलेली नव्या जमान्याची कॅप्सूल डॉक्टरांनी सुरू केली. पायाची सूज उतरली. मग एकाएकी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले, शेवटी नाकातून धार लागली. उतारा दिल्यावर रक्त थांबलं होतं, पण त्या अजून इस्पितळात ग्लानीत होत्या. रक्तात औषध हवं त्याहून फार जास्त सापडलं होतं. नणंद म्हणत होती, हिनेच जास्तीच्या कॅप्सूल चारल्या. उद्या ती पोलिसांत जाणार होती.

"बाटलीत किती उरल्यात?" टाचणींनी विचारलं.

"उरायला हव्यात तितक्याच. केमिस्टने बजावलं होतं, अख्खी गिळायची, वर भरपूर पाणी. मी रोज एक वाटीत काढून ट्रेवर ठेवते. ट्रे आमच्याकडे राहणारे काका वर नेतात."

"मग दुसरी बाटली आणली असेल कुणी," मेहुणा म्हणाला. तिचा चेहरा पडला. टाचणींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

घरी नणंदेने दार उघडलं आणि वहिनीकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. तक्रारी बऱ्याच होत्या, पुरावा एकही नव्हता. टाचणींनी फक्त आईच्या घशाचं विचारलं. खोकला झाला तेव्हा कॅप्सूल अडकते म्हणून आई कुरकुरायची, नंतर ती कुरकुर आपोआप थांबली, असं तिने सांगितलं. वर सासूबाईंच्या पलंगाशेजारी टेबलावर मुंग्यांची रांग लागली होती. मेहुण्याने ती फुंकर मारून उडवली.

काका मागच्या खोलीत राहत. सासूबाईंचे यजमान डॉक्टर होते आणि काका जन्मभर त्यांचे कंपाउंडर. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, काका मात्र घरचेच झाले. टेबलावर संगमरवरी खल लखलखत होता. शेजारी पांढऱ्या कागदाचे चौकोन कापून ठेवले होते.

"सवय," काका लाजून म्हणाले. "हात रिकामे राहिले की करमत नाही."

मग जुन्या दवाखान्याचा विषय निघाला. लाल मिक्श्चर, बाटलीवर डोसाची कातरलेली पट्टी, स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया, बाकावर चुळबुळणारे पेशंट. पुडी चाटताना मध मिळायचा म्हणून आपण लहानपणी मुद्दाम खोकायचो, असं मेहुण्याने कबूल केलं. काका पोटभर हसले. किती साधे आणि किती सुंदर दिवस होते ते. टाचणींनाही तिथून उठवेना.

तरी ते उठले. इस्पितळातल्या डॉक्टरांना फोन केला आणि सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं.

"दुसरी बाटली नव्हतीच," ते म्हणाले. "कॅप्सूल रोज एकच होती. पण अख्खी गिळली तर ती रक्तात बेताने उतरते. कवच उघडून आतले दाणे कुटले, तर त्याच एका कॅप्सूलमधून कितीतरी जास्त औषध रक्तात जातं. डॉक्टरांनी आत्ताच दुजोरा दिला. आता बघा. सासूबाईंना गिळवत नव्हतं, आणि डॉक्टरांना घसा दाखवला नसताना कुरकुर थांबली. पलंगाशी मुंग्या आल्या त्या गोडासाठी, म्हणजे मधासाठी. खल ज्याच्याकडे आहे, ट्रेही तोच वर नेतो. काका, तुम्ही पुडी करून देत होतात ना?"

काकांनी मान डोलावली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुनेला सांगू नका, ती आधीच राब राब राबते. मी मोजून एकच दिली हो. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आम्ही अशीच द्यायचो. डॉक्टरच सांगायचे तसं." ते मटकन खाली बसले. "मला काय ठाऊक, आताच्या औषधांना कवचही लागतं."

मेहुण्याला हुंदका आवरेना. नणंद मात्र उठली होती. इतके दिवस वहिनीवर रोखलेली नजर आता काकांकडे वळली.

सून मध्ये येऊन उभी राहिली.

"ताई, असं बघू नका त्यांच्याकडे," ती म्हणाली. "तसं कुणी बघितलं की आत काय होतं, ते मी भोगलंय."

आणि तिने वाकून काकांना हात दिला.