रिंग ढकलायची नाही

लिफ्ट बंद होती, म्हणून ती जिन्याने चढत होती. आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिच्या चष्म्याची डावी काडी निखळून हातात आली. स्क्रू कुठेतरी पडला. म्हणजे पडला असावा. चष्म्याशिवाय तिला पायरी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं, तर स्क्रू काय दिसणार!

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. दिवस सुरूही झाला नव्हता आणि ती दमली होती. अलीकडे ती झोपून उठली तरी दमलेलीच असायची. ती सरळ पायरीवर बसली.

"हलू नका," वरून आवाज आला. "तुमच्या पायापासून वीतभर, डावीकडे."

एक उंच, धूसर माणूस जपून खाली आला आणि गुडघ्यांवर बसला.

"दिसला. पण मला उचलता येणार नाही."

"का बरं?"

उत्तर म्हणून त्याने हात तिच्या डोळ्यांजवळ आणला. भलामोठा पंजा, एकेक बोट अंगठ्याएवढं जाड.

"डोळे माझे, बोटं तुमची," तो म्हणाला. "चालेल?"

मग तो सांगत गेला आणि तिचं बोट पायरीवरून सरकत गेलं. "पुढे… थोडं अजून… अहो, झुरळ नाहीये ते, घाबरता काय… हं. दाबा." टाचणीच्या डोक्याएवढा स्क्रू तिच्या बोटाला चिकटून वर आला, आणि उगाचच दोघांना मोठा पराक्रम केल्यासारखं हसू आलं.

"चष्म्याचं दुकान आहे आमचं," तो म्हणाला. "माझा भाऊ दोन मिनिटांत बसवून देईल."

"आणि तुम्ही?"

"मी…" तो उठला. "मी पूर्वी बसवायचो."

नऊ वाजता, काडीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून, ती आपल्या खोलीत बसली. पहिला पेशंट आत आला आणि दारातच थबकला. तोच होता.

"अरे वा!" तो म्हणाला. "आता माझी बोटं, आणि डोळे तुमचे."

हार्मोनच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या विभागात ती सहा वर्षं नर्स होती. त्यातली चार लठ्ठपणाच्या औषधाच्या अभ्यासात, वजनकाट्याशेजारी गेलेली. काट्यावर चढण्याआधी माणसं चपला काढतात, घड्याळ काढतात, खिशातला रुमालसुद्धा काढून ठेवतात आणि वर श्वास रोखून धरतात, हे तिने हजारदा पाहिलं होतं. आकड्याला लाडीगोडी लावायला कुणी लाजत नाही, असं तिचं मत होतं. तिला राग यायचा नाही. थकवा यायचा.

आता तिच्याकडे दुसरा अभ्यास होता. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली, की मोठ्या माणसाचेही हातपाय पुन्हा वाढायला लागतात. चष्मेवाल्याची गाठ एकदा ऑपरेशनने काढली होती, तरी थोडी उरली होती. आता दर महिन्याला इंजेक्शन. ते खऱ्या औषधाचं की नुसत्या पाण्याचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, तिलाही नाही.

तिचं काम बोट मोजायचं. तिच्याकडे सोनारांकडे असतो तसा लोखंडी रिंगांचा जुडगा होता, प्रत्येक रिंगेवर आकडा. जी सगळ्यात लहान रिंग बोटाच्या पेरावरून आपसूक सरकेल, तिचा आकडा लिहायचा. नियम एकच. रिंग ढकलायची नाही.

"तेहेतीस," ती म्हणाली.

"वडिलांची अंगठी होती या बोटात. कापून काढावी लागली." मग जरा थांबून, "दर महिन्याला एक बाई माझ्या बोटात अंगठ्या घालून बघणार आणि एकही पसंत पडणार नाही… अवघडच आहे, मापाडीबाई."

"सगळे मला सिस्टर म्हणतात."

"म्हणू देत की. माझी जीभ रेटत नाही."

तिने मान खाली घालून आकडा लिहिला. तेहेतीसमधला एक तीन उलटा पडला.

महिने जात राहिले. तो यायचा, आधी तिच्या काडीकडे बघायचा. "अजून चिकटपट्टीच?"

"वेळ कुठे मिळतो?"

"स्क्रू?"

"आहे. औषधाच्या रिकाम्या डबीत."

"मग भावाकडे नकाच जाऊ. मी बसवीन. बोटं वळायला लागली, की पहिला स्क्रू तुमचाच."

त्याचा हात तिच्या हातात असायचा, जेमतेम दोन मिनिटं. तो बोलत असायचा, बाहेर पाऊस पन्हाळीतून कंटाळल्यासारखा गळत असायचा, आणि तेवढी दोन मिनिटं ती दमलेली नसायची. तिसऱ्या महिन्यात बत्तीस. पाचव्यात एकतीस.

"उतरतंय!" तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण चेहरा शाळा सुटल्यासारखा.

रक्ताचे आकडे मात्र ना इकडचे ना तिकडचे होते. विभागप्रमुख मॅडमनी बोटाचं माप पाहिलं आणि दुसरं ऑपरेशन पुढे ढकललं. त्याला हायसं वाटलं. पहिल्या वेळी डॉक्टर नाकातून आत गेले होते. तीन महिने त्याला कशाचाच वास आला नव्हता.

सहाव्या महिन्यात नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाकडून तरी मोजणी व्हायची होती. ती जुन्या सिस्टरनी केली. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, जीभ अजून नोकरीला लागल्या दिवसाइतकी तेज. तो गेल्यावर त्या जुडगा खुळखुळवत तिच्या टेबलाशी आल्या.

"तेहेतीस आहे गं."

"एकतीस आहे."

"दोनदा मोजलं. एकतीस पेरावर अडते. ढकलली तर जाते." त्या खुर्चीत बसल्या. "ढकललीस?"

तिला हो म्हणता येईना आणि नाहीही. आपण जोर लावला असं तिला आठवतच नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की रिंग पेराशी आली की ती श्वास रोखून धरायची. काट्यावरच्या माणसांसारखा.

"अगं बाई," जुन्या सिस्टर हळूच म्हणाल्या. "असं आहे होय." मग फॉर्म पुढे सरकवला. "चुकीचं कारण: थकवा. लिही आणि मोकळी हो. तुझं तोंड बघून कुणीही मानेल."

मानलंच असतं. तिने 'थ' लिहिला. पण थकवा आकडा कसाही चुकवतो. इथे प्रत्येक चूक त्याच्या बाजूने झाली होती. तिने 'थ' खोडला आणि लिहिलं, "मोजणाऱ्याला बोट बारीक व्हावंसं वाटत होतं."

मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"वीस वर्षांत असं कारण वाचलं नाही मी."

"बदलू का?"

"नको. खरं दिसतंय. मापं उद्यापासून दुसरीकडे. आणि ज्याचं बोट आहे, त्याला तू सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं. खोलीत नाही सांगवलं. जिन्याच्या त्याच वळणावर.

"म्हणजे उतरलंच नाही," तो म्हणाला.

"नाही. औषध चालत नसावं. ऑपरेशन आता लांबवू नये, असं मॅडम म्हणतात."

"मला तर वाटायला लागलं होतं… स्क्रूड्रायव्हर हातात धरून बघायचो रोज. वाटायचं, जमतंय." तो कठड्याला टेकला. "का केलंत तुम्ही असं?"

तिने फॉर्मवरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. जपून एकेक पायरी उतरत निघून गेला.

अभ्यासातून त्याचं नाव कमी झालं. ऑपरेशन नीट झाल्याचं जुन्या सिस्टरनी न विचारताच सांगितलं. ती पुन्हा वजनकाट्याशेजारी बसली. घरी आई म्हणायची, "तो चष्मा तरी नीट कर. मास्तरीणबाईंसारखी दिसतेस, त्याही तुटक्या." ती हो म्हणायची आणि करायची नाही. डबीतला स्क्रू पर्समध्ये खुळखुळत राहायचा.

सहा महिन्यांनी एका दुपारी लिफ्ट पुन्हा बंद होती. ती खाली येत होती आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला होता. शेजारी हातरुमालावर एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि एक पट्टी.

"डबी आणलीय?" जणू कालच भेटले होते.

तिने पर्समधून डबी काढून दिली. मग त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"चिडला होतात ना तुम्ही?"

"खूप. महिनाभर. मग हॉस्पिटलच्या खाटेवर पडून हिशोब केला. माझं बोट बारीक व्हावं असं जगात किती जणांना वाटलं असेल? भाऊ, मॅडम… त्यांना मी बरा व्हायला हवा होतो. पण त्यासाठी आकडा चुकवण्याइतकं…" त्याने डबी उघडली. "द्या चष्मा."

तिने दिला. जग धूसर झालं. बोटं अजून जाडच होती. वाढलेली हाडं परत लहान होत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण सूज उतरली होती. पहिल्यांदा स्क्रू निसटला. दुसऱ्यांदाही. तिचा हात पुढे जायला निघाला आणि तिने तो मांडीखाली दाबून धरला.

तिसऱ्यांदा स्क्रू बसला.

"काच जुनी झालीय," तो म्हणाला. "नवा चष्मा करू. दोन बुबुळांमधलं अंतर घ्यावं लागेल. इकडे-तिकडे नाही, माझ्या डोळ्यांत बघा."

त्याने पट्टी तिच्या नाकावर टेकवली. एवढ्या जवळून तो तिला चष्म्याशिवायही स्वच्छ दिसत होता.

"एकसष्ट," तो म्हणाला. मग, "थांबा… पुन्हा घेतो."

"का? चुकलं?"

"माझ्या मापावर तुम्ही भरवसा ठेवू नका, मापाडीबाई. मोजणाऱ्याला बरंच काही व्हावंसं वाटतंय."

वरच्या मजल्यावर कुणीतरी तिला हाका मारत होतं, वजनाचे दोघं ताटकळत होते. तिला ऐकू येत होतं.

"घ्या," ती म्हणाली. "सावकाश घ्या." आणि तिने नजर हलवली नाही.