सहावा दात

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. आजोबांनी आम्हा तिघांकडून तसं कबूल करून घेतलं आहे. आजोबांना आम्ही पेकाक म्हणतो. आमच्या पेकाकांना दिलेला शब्द मोडला तर ते रागावत नाहीत, नुसते गप्प होतात. ते जास्त वाईट असतं.

पण उद्या पहाटे माझ्या दातांचा विधी आहे, वरचे सहा दात कानशीने घासायचा. आदल्या दिवशी मुलीने खोलीबाहेर पाऊल टाकायचं नसतं, म्हणून सकाळपासून मी आत बसले आहे. अंगाला हळदीचा लेप लावला आहे, तो आता सुकून ओढतो. बाहेर नारळाची पानं विणणाऱ्या बायकांचं हसणं ऐकू येतं. आत कुणी नाही. आणि परवापासून ती गोष्ट एखादी लवंग तोंडात धरून ठेवावी तशी माझ्याजवळ आहे. गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही.

परवा काजेंग क्लिवोनची रात्र होती, दर पंधरा दिवसांनी येते ती. त्या रात्री वाईट शक्ती मोकळ्या असतात, म्हणून आमच्या गावात जेवणं लवकर उरकतात आणि पोरांना फाटकाबाहेर सोडत नाहीत. लवंगांचा हंगाम आहे. पडवीत ताज्या लवंगांचा ढीग पडला होता आणि त्याच्याभोवती बसून आम्ही देठांवरून कळ्या खुडत होतो. मी, माझा चुलतभाऊ गेदे आणि लहानगा कादेक. पेकाक खांबाला टेकून बसले होते. त्यांची लवंगेची सिगारेट मधूनच तडतडत होती.

"पेकाक, भुताची सांगा ना," गेदे म्हणाला. "मानिकच्या दातांवर तेरवा कानस फिरणार. त्याआधी एकदा तिची दातखीळ बसू दे."

"तुझ्या दातांचं कधी?" मी विचारलं.

"माझे दात बघून भुतंच पळतात. उगाच कशाला कमी करायचे?"

पेकाक हसले नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"भुताची नाही. माझ्या ओळखीच्या माणसाची आहे. खरी आहे. पण या अंगणाबाहेर जायची नाही. कबूल?"

"कबूल," आम्ही म्हणालो.

"आपले दातांचे डॉक्टर. न्योमान विर्ता."

माझ्या हातातली कळी खाली पडली. उद्या माझ्या दातांवर कानस फिरवणार ते हेच.

"विर्ताच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्यांचं," पेकाक सांगू लागले. "त्याच्या आज्याला सिंगाराजा शहरापासून वरच्या तळ्यापर्यंत बोलावणं यायचं. तेव्हा इंजेक्शन नव्हतं, काही नव्हतं. लवंग चावायची, दाढांमध्ये उसाचं कांडकं धरायचं आणि पडून राहायचं. एक डच डॉक्टर होता, तो या आज्याला रानटी म्हणायचा. एकदा त्याचीच दाढ ठणकली. मध्यरात्री माणूस धाडला, लवंगेचं तेल द्या म्हणून."

"दिलं?" कादेकने विचारलं.

"दिलं की. निरोप पाठवला, रानटी तेल आहे, जपून लावा."

आम्ही हसलो. पेकाकांनी सिगारेट झटकली.

"विर्ता शिकून दातांचा डॉक्टर झाला. दवाखान्यात खुर्ची, दिवा, सगळं नवं. आज्याची कानस मात्र काचेच्या कपाटात जपलेली. विधीला तीच काढायचा, पण जेमतेम टेकवायचा. म्हणायचा, दाताचं कवच एकदा गेलं की परत येत नाही. वरचे सहा दात म्हणजे आपल्या आतले सहा शत्रू, त्यांची धार मोडायला तेवढा स्पर्श पुरतो. आणि प्रत्येकाला सांगायचा, 'दुखलं तर डावा हात वर कर. मी थांबेन.' खुर्चीतल्या रोग्याला तेच, विधीला झोपलेल्याला तेच.

"त्याला एकच मुलगी. नाव चेंपाका. सगळे चेंपा म्हणायचे. तिचा डावा सुळा जरा पुढे आलेला. ती हसायची तेव्हा आधी तो सुळा हसायचा, मग ती. तिच्या वयाच्या मुलींचे विधी झाले, हिचा होईना. विर्ता म्हणायचा, परीक्षा होऊ दे. मग म्हणायचा, पुढच्या वर्षी चुलतबहिणींबरोबर एकत्र करू. ती चिडवायची त्याला. 'बापा, अख्ख्या गावाचे दात करता आणि माझेच राहिले! लोक म्हणतात, डॉक्टरांना कानस सापडत नाही.' खरं काय ते आम्हाला ठाऊक होतं. त्या सुळ्यावर त्याचा हात चालत नव्हता."

"मग?" मी विचारलं.

"मग डेंग्यू. सतरा वर्षांची होती. आठवडाही काढला नाही."

कळ्या खुडण्याचा आवाज थांबला होता. पेकाकांनी हाताने खूण केली, चालू द्या. आम्ही पुन्हा खुडू लागलो.

"विधी राहिला असला तर आपल्याकडे अंत्यस्नानाच्या वेळी करतात. पुजारी म्हणाले, 'विर्ता, आता तरी. नाहीतर पलीकडे पूर्वज तिला ओळखणार नाहीत. यम तिला बांबूचं बूड चावायला बसवेल.' त्याने कानस घेतली. तिचा ओठ अंगठ्याने वर केला. मी तिथे तिचे पाय धरून होतो. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मग कानस खाली ठेवली. म्हणाला, 'जिवंत असती तर हात वर केला असता. आता दुखतंय का, हे मला कसं कळणार?'

"दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तशीच पुरली तिला. गावाचं एकत्र दहन दोन वर्षांनी व्हायचं होतं, तोवर मातीत."

पेकाकांनी कॉफीचा घोट घेतला. ती केव्हाच गार झाली असणार.

"आता ती रात्र. तिला पुरल्याच्या पुढच्या वर्षी, अमावास्या आणि काजेंग क्लिवोन एकत्र आले होते, ती. तुमच्या दादोंगची दाढ सुजली होती..."

"माझी दाढ कशाला उपटतोस मध्येच?" आजी, म्हणजे आमची दादोंग, स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि त्या पोरीसमोर काय सांगतोयस रे? तेरवा विधी आहे तिचा!"

"दाढेचंच सांगतोय," पेकाक म्हणाले. मग आवाज खाली आणला. "मी फोन केला. बिचारा स्कूटरवरून डोंगर चढून आला. दाढ काढली. हिने त्याचं बोट चावलं. तो म्हणाला, 'दादोंग, दुखलं तर हात वर करायचा, तोंड बंद नाही करायचं.' खूप दिवसांनी हसला होता. मी म्हटलं, आजची रात्र वाईट आहे, इथेच झोप. म्हणाला, सकाळी दवाखाना आहे. बॅग भरताना मी पाहिलं. चिमटे, लवंगेच्या तेलाची बाटली. आणि ती कानस. कपाटातून काढून तो ती बरोबर घेऊन हिंडत होता. का, ते मी विचारलं नाही."

"गेले ते?" गेदेने विचारलं. त्याचा आवाज आता नेहमीसारखा नव्हता.

"गेला. बांबूचं वळण माहीत आहे ना? खाली स्मशान आहे, ते. तिथे स्कूटर बंद पडली. दिवाही गेला. वारा अजिबात नव्हता. पान हलत नव्हतं. पण बांबूच्या बेटातून आवाज येत होता. कर्र... कर्र... थांबायचा. पुन्हा... कर्र..."

"उंदीर असेल," गेदे म्हणाला.

"त्यालाही तसंच वाटलं. पण तो जन्मभर हाच आवाज ऐकत आलेला. दात होते ते. माणसाचे. आणि एक दात बाकीच्यांच्या आधी टेकत होता. टक्... कर्र. टक्... कर्र."

कादेक सरकत सरकत माझ्या मांडीवर आला.

"त्याला कळलं. पाय हलेनात. त्याने हाक मारली. चेंपा?

"आवाज थांबला.

"पाठमोरी होती. पांढरं कापड. बांबूच्या बुडाशी गुडघ्यांवर. मग वळली... तोंडात कुसळं होती. ओठांवर माती. बोलली नाही. आली. रस्त्यावर, त्याच्यासमोर आडवी झाली. डोकं त्याच्याकडे. विधीला झोपतात तशी. आणि तोंड उघडलं."

स्वयंपाकघरातला आवाजही बंद झाला होता. आजी ऐकत होती.

"त्याने बॅग उघडली. तिच्या तोंडातली कुसळं काढली. एकेक. हिरड्यांना तेल लावलं. गार होत्या... मग कानस घेतली. म्हणाला, 'दुखलं तर... डावा हात वर कर, बाळा. मी थांबेन.'

"पहिला दात. तिचा हात तसाच. दुसरा. तसाच. तो रडत होता, पण आपला हात हलू दिला नाही. तिसरा... चौथा... पाचवा.

"मग तो सुळा.

"कानस टेकवली."

पेकाक थांबले. सिगारेट त्यांच्या बोटांत विझली होती.

"हात वर आला."

"दुखलं तिला?" कादेकने कुजबुजत विचारलं.

"त्यानेही तेच विचारलं. तिने मान हलवली. नाही. पण हात वरच. शब्द दिला होता ना त्याने... थांबला. कानस बाजूला ठेवली. तेव्हा हात खाली आला. त्याच्या गालावर. तेवढंच.

"सकाळी लवंगा घेऊन उतरताना मला तो दिसला. रस्त्यात मांडी घालून बसलेला. स्कूटर पहिल्याच लाथेत सुरू झाली. त्याने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, विर्ता, दमला आहेस, डोळा लागला असेल. दुःखात काय काय दिसतं माणसाला. तो म्हणाला, असेल.

"मग दहनाचं वर्ष आलं. माती उकरली. हाडं धुवायला मी होतो, तिची मावशी होती. कवटी माझ्या हातात आली. मी नारळाचं पाणी ओतलं. माती गेली..."

पेकाकांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, अजून काही धरल्यासारखी.

"वरचे पाच दात एका रेषेत होते. दोरी धरून केल्यासारखे. त्यांना कधी कुणी कानस लावली नव्हती, साऱ्या गावाला माहीत आहे. आणि डावा सुळा होता तसाच. पुढे आलेला."

 मी मोठ्यांसमोर सहसा प्रश्न विचारत नाही. पण तेव्हा विचारलं.

"पेकाक, पाच पुरतात का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुजाऱ्यांना विचारलं आम्ही. त्यांनी हाडांवर तीर्थ शिंपडलं आणि पुढच्या कामाला लागले. विर्ताने कवटी माझ्याकडून घेतली, त्या सुळ्यावरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, 'तिला दुखत नव्हतं. मला दुखत होतं, ते तिने पाहिलं. आणि मी थांबलो. बाप म्हणून थांबायला नको होतं.' तो प्रत्येक काजेंग क्लिवोनला वळणावर जाऊन बसतो. ऐकत."

"येतो आवाज?" गेदेने विचारलं.

"वारा असला की बांबू वाजतातच," पेकाक म्हणाले आणि उठले. पण आम्ही तिघांनीही पाहिलं, त्या रात्री वारा नव्हता, आणि पेकाक फाटकाशी उभे राहून खालच्या रस्त्याकडे कान देत होते.

आज दुपारी डॉक्टर माझे दात तपासायला आले होते. दारातच बसले, आत आले नाहीत. हळू बोलतात. उसाची कांडकी त्यांनी स्वतः सोलून आणली होती. मला म्हणाले, "घाबरू नकोस हं, लुह, पोरी. दुखलं तर डावा हात वर कर. मी थांबेन." गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या विधीला मी अगदी जवळ बसले होते. तेव्हा एक गोष्ट पाहिली होती, तिचा अर्थ मला परवा कळला. पाच दातांपर्यंत त्यांचा हात सरळ चालतो. सहाव्याशी थांबतो. ते कानस वर धरतात आणि झोपलेल्या मुलीच्या डाव्या हाताकडे बघतात. खूप वेळ. बायका म्हणतात, किती काळजी घेतात बघा. माझ्या बहिणीने घाबरून हात वर केला होता. त्यांनी कानस खाली ठेवली आणि सहाव्या दाताला नुसतं बोट लावून उठले. मग मंडपामागे गेले, ते किती तरी वेळ आलेच नाहीत.

माझाही डावा सुळा थोडा पुढे आहे. मी आरशात आत्ताच बघितला.

मी ठरवलं आहे. उद्या कितीही दुखलं तरी मी हात वर करणार नाही. उजव्या हाताने डावा हात घट्ट धरून ठेवणार आहे. ते थांबले आणि त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, तर मी डोळे मिटणार नाही. त्यांच्याकडे बघत राहीन, म्हणजे त्यांना कळेल की सहावासुद्धा पुरा केला तरी चालेल, कुणाला दुखत नाहीये, आणि कदाचित तिकडे वळणावर तिलाही मोकळं होता येईल...

मध्येच डोळा लागला होता, आता पहाट झाली, आई हाक मारते आहे. बाहेर अजून अंधार आहे, पण मंडपातले दिवे लागलेत आणि डॉक्टर आलेत म्हणे. मला एकच सांगायचं राहिलं, मघापासून खिडकीखाली, जिथे बांबूचं एकही झाड नाही, तिथून आवाज येतोय. टक्... कर्र. टक्...