हवं ते घे

मार्गशीर्षातल्या एका रविवारी थोरल्या बहिणीच्या घराची छायाचित्रे काढण्यासाठी मी गाझियाबादला गेलो. काम साधे होते. लतिकाताईला जाऊन महिना झाला होता, घर विकायचे ठरले होते आणि दलालाने प्रत्येक खोलीचे चित्र मागितले होते. दिल्लीतल्या आर. के. पुरमहून सकाळी निघालो तेव्हा धुके कोठे संपते आणि धूर कोठे सुरू होतो, हे कळत नव्हते. ही दिवसाउजेडी घडलेली गोष्ट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. अंधारात माणसाची चूक होते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी ती पळवाट मी ठेवत नाही.

फाटकावरचा म्हातारा पहारेकरी मला ओळखून उठला.

"आज आए हो, अंकलजी?" तो म्हणाला. "मास्टरनीजी तो हर इतवार दस बजे यहीं कुर्सी डालके बैठती थीं. कहती थीं, भाई आएगा, बच्ची को लाएगा."

मी खिशातली किल्ली चाचपीत आत गेलो.

ताई अविवाहित होती. चौतीस वर्षे तिने शाळेत शिकवले आणि त्या पगारातून माझे शिक्षण केले. पूर्वी मी दर रविवारी नातीला, शिवांजलीला, घेऊन तिच्याकडे जात असे. बरोबर कॅमेरा असे. या कॅमेऱ्यातली चित्रे तारेवाचून दुसऱ्या यंत्राकडे जातात. तो चालू केला की ताईचा टॅब त्याला आपणहून ओळखी आणि एक निळा दिवा लुकलुकू लागे. मग ताई टॅबवर एकेक चित्र न्याहाळी, हवे ते निवडी आणि ते तिच्याकडे जाई. "तू नुसता बस," ती म्हणे, "निवडायचं काम माझं." यंत्राची रीतच तशी आहे. घेणारा निवडतो, देणाऱ्याला कोणी विचारीत नाही. अंतर मात्र एका खोलीचे, फार तर दोन खोल्यांचे चालते.

चैत्रापासून मी जाणे सोडले. दर शनिवारी तिचा फोन येई. "बळवंत, उद्या येतोस ना? पोरीचे नवे फोटो साठले असतील." मी म्हणे, "ऑफिसचं काम आहे, ताई." काम नसे. मी घरी वर्तमानपत्र वाचीत बसे. दीड तासाचा रस्ता मला कंटाळवाणा वाटे, आणि त्या कंटाळ्याला मी कर्तव्याचे नाव दिले होते. हे खोटे मी आठ महिने बोललो. कार्तिकात एका रात्री ती झोपेतच गेली. सकाळी दूधवाल्याने दार वाजवले, ते उघडले नाही.

दहाव्या दिवशी यमुनेच्या घाटावर पिंड मांडले. भिंतीवर सात-आठ कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. कावळा पिंडाला शिवेपर्यंत गेलेल्या माणसाची काही इच्छा अडलेली आहे असे आपण मानतो, आणि ती पुरवण्याचा शब्द देतो. माझी पत्नी सुमित्रा हात जोडून म्हणाली, "वन्सं, तुमची पुस्तकं शाळेला देऊ." सून स्वरूपा म्हणाली, "आत्या, तुमच्या कुंड्या मी घरी नेते, बिल्कुल वाळू देणार नाही." कावळे हलले नाहीत. तास गेला. बारा वाजता मला मंत्रालयात बैठक होती, आणि ही बैठक खरी होती. मी पुढे झालो.

"ताई, तुला हवं ते घे. माझ्याकडचं जे हवं ते घे, पण आता मोकळी हो."

वाक्य पुरे होण्याआधी कावळा पिंडावर उतरला.

हणमंत गुरुजी दर्भ गोळा करताना थांबले. "साहेब, हे मोघम झालं."

"म्हणजे?"

"पिंडापुढे नाव घेऊन बोलावं. पुस्तकं म्हणजे पुस्तकं, कुंड्या म्हणजे कुंड्या. हवं ते, असं म्हणू नये..." ते माझ्याकडे पाहत राहिले. "असो. शिवला ना. झालं."

मी घड्याळ पाहिले आणि निघालो.

तर त्या रविवारी मी ताईचे दार उघडले. बंद घराचा कोंदट वास अपेक्षित होता. आला तो खडूच्या पुडीचा. ताई निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती. मी खिडकी उघडली आणि कॅमेरा चालू केला. निळा दिवा लुकलुकला. पडद्यावर अक्षरे आली : लतिका, जोडले.

टॅब कोठेतरी चालू राहिला असेल, असे मी म्हटले. मग दुसरी ओळ आली : पाठवत आहे, एक.

मी टॅब शोधला. कपाटात, घडी केलेल्या लुगड्यांखाली तो सापडला. आतली बॅटरी फुगून त्याची पाठ उकलली होती. काच थंड आणि काळी होती. कळ दाबली, काही झाले नाही. मी तो हातात धरून उभा होतो आणि खाटेवर ठेवलेल्या कॅमेऱ्यावर आकडा बदलत होता. दोन. तीन. जाणारे चित्र पडद्यावर क्षणभर दिसे. शिवांजलीचे बारसे. शिवांजली पाळण्यात. पाच वर्षांतली चित्रे मी कधी पुसली नव्हती. सगळी त्यातच होती. पण ही जुनी चित्रे ताईकडे तेव्हाच गेली होती. ती पुन्हा कशाला हवीत, हे मला समजेना. मी घाईने खोल्यांची चित्रे काढून कॅमेरा बंद केला, टॅब कपाटात ठेवून कुलूप लावले आणि घरी आलो.

दिवेलागणीला सुमित्रेने खोल्यांची चित्रे पाहायला मागितली. ती मागे मागे जात राहिली आणि थबकली.

"अहो, हा रिकामा पाळणा कशाला काढलात?"

पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, भोवती बायका वाकून हसत होत्या, आणि आत दुपट्यावर काही नव्हते. स्वरूपाने आपला फोन काढला. तिच्याजवळ तीच चित्रे होती. तिथेही पाळणा रिकामा होता. "बाबा... हे कसं?" ती म्हणाली. तेवढ्यात सुमित्रेच्या हातात निळा दिवा लागला. लतिका, जोडले. टॅब दहा कोसांवर कुलपात होता. अंतर एका खोलीचे चालते. आम्ही तिघांनी एकदम मागे पाहिले.

मागे शिवांजली जेवत होती. घास तोंडाशी नेलेला तिचा हात तसाच थांबला होता. डोळे उघडे होते. दिवा लुकलुकायचा थांबला तेव्हा तिने घास तोंडात घातला. मध्ये काही झाले, हे तिला ठाऊक नव्हते.

मी कॅमेऱ्याची बॅटरी काढली आणि तो देवघराच्या फळीवर ठेवला. मंगळवारी सकाळी बॅटरी घालून पाहिले. मधल्या काळातली त्रेपन्न चित्रे गेली होती. ज्यात मूल रांगत होते त्या चित्रांत आता नुसती सतरंजी होती. ज्यात ते सुमित्रेच्या कडेवर होते तिथे सुमित्रेचा हात हवेला आधार देत होता. कॅमेरा फोडून टाकावा असे स्वरूपा म्हणाली. मी हातोडी घेतली आणि खाली ठेवली. आत उरलेली पोर त्या फुटण्यात कोठे जाईल, हे मला कोण सांगणार होते?

बुधवारी चित्रे तिसऱ्या वर्षापर्यंत आली. त्या दिवशी शिवांजलीने आपला कापडी ससा ओळखला नाही. शाळेत जाऊ लागल्यापासून ती त्याच्यावाचून झोपत नसे. गुरुवारी तिने खुंटीवरच्या झग्याकडे बोट दाखवून विचारले, "आई, ये फ्रॉक किसका है?"

"तुझाच गं, सोन्या."

"अच्छा," ती म्हणाली. एखाद्या परक्याला म्हणावे तसे.

डॉक्टरांना ताप सापडला नाही. माझा मुलगा केतन पुण्याला कामावर गेला होता. त्याला फोनवर काय सांगावे, ते स्वरूपाला सुचेना. घरभर खडूचा वास होता. शनिवारी मी उरलेली चित्रे मोजली. चाळीस होती. शेवटचे याच दिवाळीतले होते : शिवांजली हातात पणती घेऊन, आज आहे तशी. ते गेल्यावर घरात कोण उरणार, हे आम्ही एकमेकांस विचारले नाही.

मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"मी तेव्हाच बोललो होतो," ते म्हणाले.

"शब्द परत घेता येईल?"

"पिंडापुढचा? नाही. मोघम शब्दाला नाव मात्र देता येतं. त्या बाईंना तुमच्याकडचं काय हवं होतं?"

"नातीवर जीव होता तिचा."

"मी ते विचारलं नाही, साहेब. तुम्ही काय द्यायचं टाळलंत?" त्यांचा आवाज खाली आला. "ते सांगा. आणि मला नको, तिला सांगा. तिथं जाऊन. खोटं मिसळू नका..."

रविवारी दहा वाजता मी ताईच्या घरी एकटा बसलो. समोर तिची खुर्ची होती. बाहेर धुके इतके दाट की खिडकीची काच पांढरी भिंत वाटत होती. मी मनात नामस्मरण सुरू ठेवले आणि कॅमेरा चालू केला. निळा दिवा लागला. उरलेली, चाळीस.

"ताई," मी म्हणालो, "मी यायला हवं होतं. पण ऑफिसची फार कामं..."

एकोणचाळीस. अडतीस. सदतीस. आकडे धावू लागले. चित्रांचे रंग पडद्यावरून ओढल्यासारखे जात होते. मी बोलत राहिलो. रस्त्याची दुरुस्ती चालू होती, माझी कंबर दुखत होती, सुमित्रेची तब्येत बरी नव्हती. प्रत्येक कारणाला सातआठ चित्रे गेली. बारा उरली तेव्हा माझे मला कळले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, नातीचा जीव टांगणीला असताना, मी अजूनही रजेचा अर्ज लिहीत होतो.

"काम नव्हतं," मी म्हणालो. "एकाही रविवारी नव्हतं. मी घरी बसलो होतो. तुझा फोन ठेवून मी चहा मागवत असे. मला कंटाळा यायचा, ताई... तुझा कंटाळा यायचा."

पाच. चार.

"मी शब्दाला नाव देतो. माझे रविवार घे. दहा ते पाच, मी जगेन तोवरचे सगळे. माझेच. पोरीचे नव्हेत. पोर द्यायचं मी कबूल केलेलं नाही."

तीन.

आकडा तिथेच राहिला. दिवा एकदा लागला, विझला, आणि पुन्हा लागला नाही. समोरच्या खुर्चीची वेताची बैठक हलकेच करकरली, जसे कोणी बसून उठते किंवा उभे राहून बसते. कोणते, ते मी ठरवू शकलो नाही. पाच वाजेपर्यंत मी हललो नाही.

तीन वाजता स्वरूपाचा फोन आला होता. ती रडत होती. "बाबा, तिनं ससा मागितला. नाव घेऊन मागितला. आणि पाळण्यात... बाबा, ती आहे पाळण्यात."

या गोष्टीला दोन वर्षे झाली. घर विकले नाही. एकही रविवार चुकला नाही. तापातही गेलो, संपातही गेलो. सर्व चित्रांत शिवांजली परत आली आहे. मी तिला गाझियाबादला कधी नेत नाही. ती सात वर्षांची आहे, हट्टी आहे, मराठी मोडकी बोलते, पण सशाची गोष्ट पाठ सांगते. देवाची कृपा आहे, असे मी म्हणतो, आणि ते खरे आहे.

गेल्या गुरुवारी तिला शाळेत बक्षीस मिळाले. दुपारी, क्वार्टरच्या अंगणात, लख्ख उन्हात तिला उभी करून मी दोन वर्षांत प्रथमच तिच्यासाठी कॅमेरा डोळ्याला लावला. ती माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, कोठेतरी पाहत होती.

"शिवांजली, इकडे बघ."

तिने मान वळवली. मग पुन्हा तिकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिचा चेहरा गोंधळला. मला डावीकडून खडूचा वास आला.

"आबा, दोघं एकदम फोटो नका ना काढू," ती म्हणाली. "मी कोणाकडे बघू?"