शिव्यांसकट

“माजा आवाज काड त्यातून! आताच्या आता काड!”

ओट्यावर ठेवलेल्या लॅपटॉपकडे गोजराबाई अशा पाहत होत्या, जणू त्यात इंगळीच दडून बसली होती! उद्या त्यांच्या लेकाचं, तेजसचं वर्षश्राद्ध. आणि संध्याकाळी शिरवणे गावातल्या त्यांच्याच घराच्या गच्चीवर त्याची गाणी लागणार होती. ज्यांनी त्याच्या गिटारीवरून जीव ओवाळून टाकला, ती नेरूळ-जुईनगरची सगळी पोरं येणार होती. स्टुडिओत तेजस कधी रमलाच नाही. त्याचं खरं रॉक रेकॉर्ड झालं ते इथे, ह्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलवर... आणि प्रत्येक गाण्यात, त्या बेभान गिटारीच्या मधोमध, आईच्या शिव्या होत्या!

“काढलाय ना काकी,” तेजसच्या बँडमधला ड्रमर निखिल घाईघाईने म्हणाला. “एकदम क्लीन केलंय. कुकरची शिट्टीपण ठेवली नाही. टेन्शन नका घेऊ.”

“नाही,” तेजसची बायको क्षिप्रा म्हणाली. “उद्या मूळचीच गाणी लागतील. आहेत तशी.”

मांडीवरच्या लेकीला, श्रुतीला वरणभात भरवता भरवताच ती बोलली. पण त्या ‘नाही’ने सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सानपाड्याच्या फ्लॅटमधून सून होऊन ती ह्या घरात आली, त्या दिवसापासून तिने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तेजसने कंपनीतली नोकरी सोडली ती स्वतःच्या मनाने. पण बापलेकात वितुष्ट नको म्हणून ‘मीच म्हटलं त्याला, सोड’ असं सांगून तिने तो दोष आपल्या पदरात घेतला होता... आणि साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेल्यावरही पदरातला तो निखारा तिने खाली टाकला नव्हता!

“बगा, बगा हिला!” गोजराबाई नवऱ्याकडे वळल्या. “मना गावासमोर लाजवाची हाय हिला! आय पोराला शिव्या देते, ह्ये लोकांना आयकवाचं हाय! सूड उगवते माज्यावर!”

सूड...! क्षिप्राच्या काळजात कळ उठली. वर्षभर रोज ह्याच बाईंच्या उशाशी बसून तिने त्यांना दोन घास खायला लावले होते.

“सूनबाय, कनाला हट्ट करतंस?” सासरे गोटीराम समजुतीच्या सुरात म्हणाले. “लोक हसतील गो.”

“हट्टच आहे, बाबा. आजवर एकही केला नाही, हा करणार!” श्रुतीला शेवटचा घास भरवून ती उठली. “निखिल, तुझं ते क्लीन केलेलं लाव.”

गाणं सुरू झालं. तेजसचा तो भरदार, किंचित फाटलेला आवाज घरभर पसरला... श्रुतीने घास तसाच गालात धरला. गिटार चढत गेली, चढत गेली आणि एकाएकी थांबली. नुसती पोकळी! मग पुन्हा सुरू. पुन्हा थांबली.

“बिगारलंय का काय?” गोटीराम म्हणाले.

“बिघडलेलं नाही. आता मूळचं ऐका.”

तेच गाणं. तीच गिटार चढली, थांबली, आणि नेमक्या त्याच क्षणी — “बंद कर रं ती टनटन! नोकरी सोरली, आता कान फोरतोस?” — शेवटच्या शब्दावर गिटारने झेप घेतली! पुन्हा थांबली. “त्या बिल्डिंगवालीनं डोक्यावर चरवलाय तुला!” पुन्हा झेप... आणि तेजसचं दाबूनही न दबलेलं हसू.

“च्यायला,” निखिल पुटपुटला, “मी ड्रमर, आणि मला कळू नये!”

“तो थांबायचा, आई. तुमच्यासाठी थांबायचा!” क्षिप्राची नजर ढळली नाही. “तुम्ही कुणाच्या लग्नात धवले गायला गेलात की तो मोबाइल लावायचाच नाही. मी म्हणायचे, घर शांत आहे, उरकून घे. तर म्हणायचा, ‘आई येऊ दे गं. धवले गाताना सगळ्या बाया तिच्या ओळीसाठी थांबतात, मग मी कोण लागून गेलो?’... तुमचा आवाज काढला तर त्याचं गाणं मोडेल. आणि ते मी कुणालाही मोडू देणार नाही. तुम्हालासुद्धा!”

गोजराबाईंनी लॅपटॉपच्या कडेवर हळूच हात ठेवला.

“मना वाटलं... पोर माजी कटकटच आयकत गेला...” बांध फुटला. रडता रडताच त्यांनी डोळे वर केले. “मंग तुला बोलले तेवरं तरी काड, बाय. उद्या लोक तुज्याकरं बोट दाखवतील.”

“दाखवू देत. ते माझ्या वाटणीचं आहे.”

“नाय गो...” त्यांनी तिचा हात ओढून आपल्या गालाशी धरला. “माज्या पोटचा त्यो. कोनाच्या सांगन्यावर नोकरी सोरनारा नवता. मना ठावं होतं... तरी तुलाच बोलत रायले!”

वर्षभर जपून ठेवलेले क्षिप्राचे अश्रू त्या दोन हातांवर ओघळले.

“पन लोक...” गोटीराम चाचरले.

“लोकांचं काय घेवून बसलाव!” गोजराबाईंनी पदराने खसकन डोळे पुसले आणि लॅपटॉपकडे मान वळवली. “निखिला, माजा आवाज लय बारीक येतो रं त्यात. मोटा कर!”