तेविसाव्या फ्रेमला तो बोलला

ती जमिनीवर पालथी पडली होती आणि पाय वाटेत पसरलेले होते, त्यामुळे पुढे जे झालं त्यात तिचीही थोडी चूक होतीच. बागेच्या त्या मोठ्या काचघरात रोज सकाळी बरोबर नऊला छतातल्या बारीक नळ्यांतून पाऊस पडतो. झाडांसाठीचा पाऊस, दहा मिनिटांचा. हे दारावर लिहिलेलं होतं. पण एका रुंद पानाच्या पाठीवरच्या शिरांमध्ये डोळा घालून बसलेल्या बाईला दारावरचं काय दिसणार?

"अहो! अहो, बंद करा! माझा कॅमेरा!"

कोपऱ्यातून एक माणूस धावत आला, तिच्या पायांना अडखळला, कसाबसा सावरला आणि आधी स्वतःचा रबरी कोट काढून त्याने कॅमेऱ्यावर टाकला. तिच्यावर नाही. कॅमेऱ्यावर!

"मी भिजतेय, ते दिसत नाही का?"

"तुम्ही वाळाल," तो म्हणाला. "तो वाळणार नाही."

आता या उत्तरावर चिडावं की हसावं? ती चिडली. पण घरी जाताना बसमध्ये तीनदा हसली, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.

तो त्या काचघराचा माळी. माळी म्हणजे नुसता पाणी घालणारा नव्हे. नेच्यांची त्याला इतकी माहिती, की मोठमोठे प्राध्यापक त्याला विचारायला यायचे. आणि ती फोटोग्राफर. एका प्रकाशकाला मुलांच्या पुस्तकासाठी निसर्गातल्या नक्ष्या हव्या होत्या, अगदी जवळून टिपलेल्या. चिरलेल्या लाल कोबीतली वळणं, गोगलगायीच्या शंखावरची चक्रं, फुलपाखराच्या पंखावरची खवल्यांची कौलं. एकूण बारा चित्रं. त्यातली सात तिला या काचघरात मिळण्यासारखी होती. निदान तिने प्रकाशकाला तरी तसंच सांगितलं. खरं म्हणजे चारच होती.

"भिंगबाई, आज कोणाच्या पोटात शिरणार?" तो विचारायचा.

"तुमच्या झाडांच्या. तुमच्या पोटात शिरण्यासारखं काही असलं तर सांगा."

"आहे की... पण तिथे उजेड कमी आहे."

असं चालायचं. तो पान धरायचा, ती टिपायची. भिंग इतकं जवळ न्यायला लागायचं, की नुसत्या श्वासानेही पान हलायचं. म्हणून तिने एक खूण ठरवली होती: तिने तळहात वर केला की बोलायचं नाही, हलायचं नाही, जमलं तर श्वासही जपून घ्यायचा. तो ती खूण इतकी पाळायचा, की एकदा नाकावर मुंगी चढली तरी तसाच उभा राहिला. मग शिंकला तेव्हा काचा हादरल्या.

"एवढी रोज जातेस, त्याचा फोटो तरी दाखव," ताई म्हणाली. ताई म्हणजे तिची मोठी बहीण. दोघी एकत्र राहायच्या. हिने सगळे फोटो शोधले. पान, पान, पान... आणि एका पानाखाली त्याचा अंगठा.

"बरा आहे हो अंगठा," ताई म्हणाली. "नख स्वच्छ आहे. स्थळ म्हणून चालेल."

तिने उशी फेकून मारली. पण कान लाल झाले होते.

अडीच महिने असे गेले. शेवटचं, बारावं चित्र राहिलं होतं ते नेच्याच्या कोवळ्या फुटव्याचं. नेच्याचं नवं पान येतं तेच मुळी गुंडाळी होऊन, घट्ट, केसाळ, आत आत वळत गेलेली. ती एका फोटोत मावत नाही, कारण इतक्या जवळून एका वेळी केसाएवढाच भाग स्पष्ट येतो. म्हणून भिंग अगदी तीळ-तीळ पुढे सरकवत साठ फ्रेम घ्यायच्या आणि नंतर कॉम्प्युटरवर त्या एकावर एक जुळवून एक चित्र करायचं. मधे काही हललं की सगळं मुसळ केरात. आणि फुटवा काही थांबत नाही. सकाळी घट्ट असलेला दुपारी सैल झालेला असतो.

तो फुटवा त्याने तिच्यासाठी आठ दिवस गारव्यात राखला होता. त्या सकाळी त्याने पंखे बंद केले, पाऊस बंद ठेवला, दाराला आतून कडी घातली. तिने तळहात वर केला आणि मोजायला लागली. एक... दोन... तीन...

तो त्या दिवशी जरा वेगळाच दिसत होता. शर्टाच्या खिशात एक पत्र होतं आणि हात सारखा तिकडे जात होता. पण तिचं लक्ष फुटव्यात.

तेविसाव्या फ्रेमला तो बोलला.

"तुम्ही मोजताय, मला माहीत आहे. पण तुमचं तोंड त्या कॅमेऱ्यात आहे तोवरच मला हे बोलता येईल. दुसऱ्या शहरातल्या बागेतून बोलावणं आलंय. मोठं काम आहे. मला जायचं नाही. म्हणजे... तुम्ही इथे येता, म्हणून जायचं नाही. मला तुम्ही आवडता. फार आवडता. राहा म्हणालात, तर राहतो."

तिने ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. आणि तिने काय करावं? तळहात आणखी थोडा वर केला, आणि मोजलं: चोवीस.

मोजत राहिली. साठपर्यंत. आत नुसता आनंद उसळत होता, आणि बाहेर ती स्क्रू फिरवत होती. शेवटची फ्रेम झाली. तिने सावकाश भिंग काढलं, पुसलं, झाकण लावलं. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. पाठीमागून नाही, समोरून, त्याच्या डोळ्यांत बघत. म्हणून तिने हसू ओठांत दाबलं, वळली, आणि अगदी साळसूदपणे विचारलं,

"मघाशी काही म्हणत होतात का?"

अगं, एवढी हुशार मुलगी तू, आणि हे काय केलंस!

त्याने तिच्याकडे पाहिलं. खिशातलं पत्र आत सारलं.

"नाही... काही नाही," तो म्हणाला. "पंखे लावू का?"

आणि पंखे लावले.

तिला वाटलं, लाजला. उद्या म्हणेल. घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं, तेही खिदळत. ताई हसली नाही.

"ऐकलंस, आणि ऐकलंच नाही असं दाखवलंस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"गंमत गं!"

"त्याला माहीत आहे का गंमत आहे ते? आत्ताच्या आत्ता फोन लाव."

"असलं फोनवर बोलतात का?"

त्या संध्याकाळी ती फ्रेम जुळवायला बसली. बावीसपर्यंत सगळं ठीक. तेविसावी हललेली होती. तिच्याच हाताचा धक्का लागला होता. त्यापुढची एकही फ्रेम जागेवर बसेना. जे वाचवायला ती गप्प राहिली होती, तेसुद्धा वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दार उघडायच्या आधी बागेत हजर. तिकिटाच्या खिडकीतल्या मावशी म्हणाल्या, "ते नाहीत. तिकडची जागा बघायला गेलेत. कालच होकार कळवला म्हणे. आठवड्याने येतील सामान न्यायला."

तिने फोन लावला नाही. हातात घेतला बरेचदा. समोरासमोरच सांगायचं, असं म्हणत राहिली. खरं तर तिला भीती वाटत होती. आठवा दिवस उजाडला तशी ती गेली. तो काचघरात खोकी बांधत होता. तिने दारातूनच सांगून टाकलं, नाहीतर राहिलंच असतं.

"मी ऐकलं होतं. सगळं."

त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"मग तसं का विचारलंत?"

"पुन्हा ऐकायचं होतं."

तो खोक्यावर बसला. हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं.

"अहो भिंगबाई... मला वाटलं, किती जपून नाही म्हणतायत. माझी लाज राखली, असं वाटलं मला. बरं वाटलं होतं त्याचं."

"मग आता सांगते ना—"

"थांबा. आधी माझं ऐका." तो दोरीच्या टोकाशी चाळा करत राहिला. "त्याच संध्याकाळी आईला फोन केला. तिच्या मैत्रिणीची मुलगी तिकडेच असते, शाळेत शिकवते. आई दोन वर्षं मागे लागली होती. म्हटलं, भेटतो. भेटलो. चांगली आहे. तिने सरळ विचारलं, मनात कुणी आहे का? मी म्हटलं, होतं. त्यांनी नाही म्हटलं. मग तिने होकार दिला. मीही दिला."

"मी नाही म्हटलं नव्हतं हो!"

"मग काय म्हटलं होतंत?"

ती आत येऊन त्याच्यासमोरच्या खोक्यावर बसली.

"तिला काय सांगू?" तो हळूच म्हणाला. "की गंमत होती?"

नाही, असं कसं सांगणार. तिलाही ते कळत होतं. ती तिकडची, न पाहिलेली शिक्षिका तिला त्या क्षणी नकोशी वाटायला हवी होती. पण त्या शिक्षिकेचीच बाजू बरोबर वाटत होती, आणि त्याच गोष्टीचा जास्त राग येत होता.

नऊ वाजले. छतातून पाऊस सुरू झाला. दोघंही उठली नाहीत. खोक्यांचा पुठ्ठा भिजून मऊ पडायला लागला.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "फार. पहिल्या दिवसापासून. काही मागत नाही मी. फक्त म्हणायचं राहिलं होतं."

तो डोळे मिटून ऐकत होता. ती थांबली, वाट बघत राहिली... त्याने पुन्हा म्हणायला सांगितलं नाही.