मचाणावरचा दुसरा माणूस

जवळ सरका. शेकोटीत दोन तुऱ्हाट्या टाका, अन् ती बॅटरी बंद करा. मी सांगतो ते गावगप्पातलं न्हाई. माझ्या जोडीदारावर बेतलेलं हाय. त्यातलं थोडं म्या डोळ्यानं बघितलंय, बाकीचं त्यानं माझा हात धरून सांगितलंय.

सत्त्याण्णव साल. दत्तजयंतीच्या आधी रामकिसन अन् मी वाटूर फाट्यावरून सकाळच्या एसटीनं जालन्याला गेल्तो. काम साधं. त्याच्या रायफलीला दुर्बीण घ्यायची होती. रायफल त्याच्या बापाच्या वक्ताची, पीक राखायच्या परवान्यावरची. ज्वारी हुरड्यात यायला लागल्ती, अन् त्या साली रानडुकरांनी असा धिंगाणा घातल्ता की एका रातीत अर्धं रान लोळवून जायचे.

पण खरं सांगू का? डुकरं म्हंजी निमित्त. खरं दुखणं होतं सर्जेराव.

सर्जेराव म्हंजी रामकिसनचा धाकटा चुलतभाऊ. दोघांची रानं बांधाला बांध लावून. सर्जेरावच्या मेव्हण्यानं हैदराबादहून त्याला भारी दुर्बीण आणून दिल्ती. दिवाळीपासून पठ्ठ्यानं डुकरामागं डुक्कर पाडलं. मंग काय, जिकडंतिकडं सर्जेराव, सर्जेराव. तो हाटेलात आला की बाकावरची माणसं सरकून जागा करायची. रामकिसन त्याच बाकाच्या टोकाला अर्धा बूड टेकून बसलेला असायचा. त्याच्यासाठी कधी कुणी सरकलं न्हाई.

ते बी त्यानं गिळलं असतं. पण एक दिवस त्याच्या बायकोनं, गिरिजाबाईनं, बांधावरून सर्जेरावला हाक मारली. "भावजी, आमच्या बी रानावर नजर असू द्या बरं का. तुमचा नेम हाय म्हणून धीर वाटतो."

रामकिसन तिथंच हरभऱ्याला पाणी देऊन राह्यलता. दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं इसरला. पाणी वाफा फोडून वाटंवर गेलं, तरी त्याला कळलं न्हाई. सांजच्याला मला म्हणला, "अप्पा, घरच्या बाईला नवऱ्याचा धीर वाटंना. आता दुर्बीण आणायचीच."

जालन्याला जुन्या गावात एक म्हातारे चाचा बंदुका दुरुस्त करायचे, जुनंनवं सामान ठेवायचे. त्यांनी पहिल्यांदा एक लांबलचक दुर्बीण डोळ्याला लावायला दिली. समोरच्या मशिदीच्या मिनारावरचं कबूतर हातावर बसल्यागत दिसलं. रामकिसन खूश झाला. चाचांनीच ती काढून घेतली.

"दिन को अच्छी. रात्री कामाची न्हाई. ही जेवढं मोठं दाखवते, तेवढा अंधार बी मोठा दाखवते. रात्रीसाठी पावर कमी पाहिजे अन् पुढची काच रुंद. उजेड काचेतून येतो भाई, पावरमधून न्हाई."

दुसरी स्वस्त होती. तिच्याबद्दल म्हणले, "ही गोळीच्या धक्क्यानं हलते. आज नेम डुकराच्या कानावर, कल शेपटीवर." तिसरी बराबर होती. रुंद काचेची, नवी. पण तिची किंमत ऐकली अन् रामकिसननं ती अंडं ठेवावं तशी हळूच खाली ठेवली.

तेवढ्यात त्याची नजर कपाटाच्या खालच्या फळीवर गेली. तिथं फडक्यात गुंडाळलेलं कायतरी होतं.

"अन् ती?"

चाचांनी कपाटाचं दार लोटलं. "जुनी हाय. मंठ्याकडच्या पुंजारामची. तो वारला. त्याची बायको हितं टाकून गेली. पैसे न्यायला बी आली न्हाई."

"काच कशी हाय?"

"काच अव्वल. मगर... मत लो. पुढच्या साली नवी घ्या."

रामकिसननं एकच विचारलं, "हैदराबादच्या दुर्बिणीपेक्षा चांगली हाय का?"

चाचा खोटं बोलणारा माणूस न्हवता. म्हणले, "दुगनी."

झालं. सौदा तिथंच झाला.

पहिल्या राती चांदणं होतं. रामकिसन मचाणावर बसला. दुसऱ्या दिवशी मला सांगत होता, "अप्पा, काय काच हाय! ज्वारीचं एकेक कणीस मोजून घे." पण त्यानं कणसं मोजली न्हाईत. त्यानं दुर्बीण सर्जेरावच्या मचाणाकडं फिरवली. त्याला बघायचं होतं, तो कसा बसतो, कसा नेम धरतो, झोपतो तर न्हाई ना.

सर्जेराव बिडी ओढत बसल्ता. अन् त्याच्या शेजारी, घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन, आणखी एक माणूस बसल्ता.

सकाळी रामकिसननं बांधावर विचारलं, "काल संग कोण होतं रे?"

"कुणी न्हाई दादा. एकलाच होतो की."

दुसऱ्या राती बी तेच. तिसऱ्या राती बी. घोंगडी अंगावर, तोंड पलीकडं. सर्जेराव बिडी ओढायचा, थर्मासातला चहा प्यायचा, पण शेजारच्याला इचारायचा न्हाई. रामकिसनच्या डोक्यात एकच बसलं. हा खोटं बोलून राह्यला. खोटं कशापायी बोलंल? तसलंच माणूस संग असल्याबिगर?

अन् मंग त्याच्या मनात इख कालवलं गेलं. गिरिजाबाई रातीच्याला आखाड्यावर, रानातल्या खोपटात, एकलीच असायची. तो मचाणावर, ती आखाड्यावर... अन् सर्जेरावचा आखाडा काय लांब हाय? घोंगडीत ते माणूस लहानखुरं दिसायचं. तिच्याएवढंच. तिनं हाक मारलेली आठवली. "धीर वाटतो."

चंद्र बारीक होत गेला. दुर्बिणीतलं दिसणं मात्र कमी होईना. उलट वाढलं. ह्याचं बी त्याला नवल वाटलं न्हाई, पोरांनो. जळणाऱ्या माणसाला कशाचंच नवल वाटत न्हाई.

मार्गशीर्षातली सोमवती अमावस्या. त्या दिवशी सांजच्याला आखाड्यावर भांडण झालं. तो ताटावरून उठला. "जा की मंग त्याच्याच मचाणावर," असं म्हणून रायफल घेऊन निघाला. ती चुलीपुढं बसून राह्यली.

मध्यान् रात झाली. काळाकुट्ट अंधार. रातकिडे बी गप. त्यानं डोळा दुर्बिणीला लावला.

पिठासारखं चांदणं.

अमावस्या, अन् आत चांदणं.

सर्जेराव दिसला. शेजारी घोंगडी. रामकिसननं रायफलीत गोळी भरली. मधली काळी फुली सर्जेरावच्या छातीवर ठेवली. मंग घोंगडीवर. मंग परत छातीवर. मनात म्हणला, डुकराला मारताना चुकून लागली म्हणू. कोण बोलतंय? सगळे ऐकतील.

तेवढ्यात घोंगडी हलली.

ते माणूस उठलं. मचाणावरून उतरलं. ज्वारीत शिरलं... कणीस हललं न्हाई.

इकडं येत होतं.

बांधापाशी आलं. बांध वलांडला. दुर्बिणीत मोठं झालं... आणखी मोठं... मंग नुसती घोंगडी. घोंगडीचं काळं सूत. मंग कायच न्हाई.

रामकिसननं डोळा काढला.

अंधार.

अन् त्याचं मचाण शेजारच्या अंगाला दबलं. कुणी बसल्यागत.

त्यानं मान वळवली न्हाई. वळवता आली न्हाई. ओल्या मातीचा वास आला. कानाशी कुणीतरी श्वास घेतला. लांब... थंड...

"...मार की."

बोट घोड्यावर होतं. त्यानं ठेवलं न्हवतं.

"...मार. म्या बी... मारला."

बोट दबाया लागलं.

"अवं...!"

खालून आवाज आला. कंदिलाचा उजेड वर आला.

"अवं, उपाशी आलात. भाकरी आणली."

गिरिजाबाई! मचाणाच्या खाली उभी. डोक्यावर पदर, हातात कंदील अन् फडकं. रामकिसननं रायफलीचं तोंड वर उडवलं. बार आभाळात गेला.

पलीकडून सर्जेराव ओरडला, "दादा! पडलं का?"

 रामकिसन मचाणावरून उतरला न्हाई, पडला. बायकोचे पाय धरून बसला. ती बिचारी म्हणायची, "काय झालं? काय दिसलं?"  मंग तिनं वर कंदील धरला अन् विचारलं, "अन् तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

त्यानं वर बघितलं न्हाई. तिला वढत आखाड्यावर नेलं.

सकाळी त्याला तापच भरला. मला बोलावून सगळं सांगितलं. दुर्बीण फडक्यात बांधून दिली. "आत्ताच्या आत्ता देऊन ये अप्पा. पैसे मागू नको."

चाचांनी गाठोडं बघितलं अन् स्टुलावर खाली बसले. मंग सांगितलं. पुंजारामचा भाऊ त्याच्यापेक्षा चांगला शिकारी होता. एका राती ज्वारीत पुंजारामची गोळी त्याला लागली. डुक्कर समजून मारली म्हणला. सगळ्यांनी मानलं. त्याच्यानंतर पुंजाराम रोज राती मचाणावर जाऊन बसायचा, बिनबंदुकीचा, घोंगडी घेऊन. एका सकाळी उतरलाच न्हाई.

म्या चिडून म्हणलं, "चाचा, तवाच का न्हाई सांगितलं?"

चाचा म्हणले, "तुम्ही डुकरं मारायला चाल्ले होते ना? डुकरं मारणाऱ्याला तिचा काय त्रास? मला काय ठाऊक, भाई के उप्पर लावतील."

ताप उतरल्यावर रामकिसन सर्जेरावच्या मचाणावर गेला. "तुझ्या जोडीला बसू का?" म्हणला. सर्जेराव सरकला, जागा दिली. तो सबंद हंगाम दोघं भाऊ एकाच मचाणावर बसले. काय घडलं ते सर्जेरावला मरेपर्यंत कळलं न्हाई. गिरिजाबाईला सांगितलं का न्हाई, ते त्या दोघांनाच ठाऊक.

रामकिसनचं मचाण तसंच उभं राह्यलं. त्यावर कुणी चढेना. संक्रांतीच्या आधी एका पहाटं मला मोडून आणायला सांगितलं त्यानं, लाकडं कामी येतील म्हणून. दिस उगवायचा होता. दव असं पडल्तं की माझं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. वर चढलो. कडबा सगळा वलागच्च, हात लावला की पाणी निथळत होतं.

मधी तेवढी एक जागा कोरडी होती.

माणूस मांडी घालून बसतो तेवढी.

म्या तिथं हात ठेवला...

ऊन होती.