शेवटच्या सोमवारचं पाणी

वळण नेहमीचंच होतं, वेग नेहमीचाच होता; फक्त वळणाच्या पलीकडं टँकर उभा असेल असं अंजनाला वाटलं नव्हतं!

बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्याचं ते आवार. दुष्काळानं शिवारात ऊसच ठेवला नाही, तर गाळप कसलं? जिथं हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागायची, तिथं आता दिंद्रुडची अंजना कार्ट पळवायची. जमिनीला चिकटून धावणारी, चार बारक्या चाकांची, ना टप ना दार अशी ती शर्यतीची गाडी. अंजनानं ब्रेक दाबला... कार्ट गर्रकन फिरली, फुफाटा उडाला आणि टँकरच्या चाकापासून हातभर अंतरावर येऊन थांबली.

"डोळे हायेत का बटणं?" हेल्मेट काढत ती ओरडली.

टँकरवाला खाली उडी मारून तरातरा आला. हेल्मेटातून सुटलेली वेणी त्यानं बघितली आणि जे बोलायचं होतं ते विसरूनच गेला.

"मला वाटलं पोरगा हाय... शिवी देणार होतो."

"मंग द्या की! पोरीला कळत न्हाई का शिवी?"

"कळती. पण..." तो हसला. "आता आठवंना."

हा सिद्धेश्वर. माजलगावच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. गल्ल्यावर जीव रमेना म्हणून टँकर चालवणारा. कारखान्याच्या विहिरीला अजून पाणी होतं, तिथून भरून तो गावोगाव पोचवायचा. थंडीतल्या त्या दिवसापासून त्याचा टँकर भरायला जरा जास्तच वेळ लागू लागला. अंजनाच्याही फेऱ्या वाढल्या. आता का वाढल्या, हे कुणी कुणाला विचारायचं!

तसं तिचं गाडीवेड जुनंच. वडील रामकिसन कारखान्याचे ट्रॅक्टर ड्रायव्हर. पोरगी शाळेत असतानाच ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागं घ्यायला शिकलेली. पुण्याला मावशीकडं गेली, गंमत म्हणून भाड्याच्या कार्टमध्ये बसली आणि तिथल्या सराईत पोरांना मागं टाकून उतरली. एका क्लबानं जुनी कार्ट वापरायला दिली. मग कोल्हापूरला तिसरी आली, पुण्यात दुसरी... आणि आता तोच क्लब मराठवाड्यातल्या पोरांची निवड करायला याच आवारात येणार होता. पहिला नंबर काढणाऱ्याला नवी कार्ट आणि देशभरच्या शर्यतींचा पूर्ण हंगाम. बाकीच्यांनी आपापल्या घरी जायचं. अंजनाच्या घरी तर स्थळांची बोलणी सुरूच झाली होती. ही संधी हुकली की हेल्मेट माळ्यावर आणि पोरगी बोहल्यावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वर विहिरीपाशी भेटला. उगाच खडे लाथाडत म्हणाला, "मंगळवारी लातूरला पोरगी बघायला चाललोय. आईनं ठरवलंय. काय म्हणतीस... जाऊ का?"

"जा की! मला कावून विचारतोस?"

असं तोऱ्यात बोलली खरी, पण घरी गेल्यावर तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

शर्यत सोमवारी. आणि अंजनाचा सोमवारचा उपवास, तोही निर्जळ! वैशाखाचं ऊन, अंगात जाड रेसिंग सूट, डोक्यात हेल्मेट... तरी सकाळच्या फेरीत ती पहिली आली. पण फेरी संपली की चालकाला कार्टसकट काट्यावर चढवतात. दोघांचं मिळून वजन नियमापेक्षा कमी भरलं, की नंबर बाद. हलक्या चालकांच्या सीटला वजन भरून काढायला सकाळीच शिसं बांधून सील ठोकलं होतं. त्यात आता वाढ करता येत नव्हती. काट्याकडं बघून पंचांनी चष्मा वर केला.

"काठावर वाचलीस, मुली. फायनलला असाच घाम गळाला तर बाद होशील. जा, काहीतरी पोटात टाक."

सिद्धेश्वर तारेच्या कुंपणापाशीच होता. तो पाण्याची मोठी बाटली घेऊन धावत आला.

"पी."

"न्हाई."

"आगं, उपवासाला पाणी चालतं! माझी आई पाणी पिती, चहा पिती, वर भगर बी चापती!"

"माझा निर्जळ हाय."

"हे लिटरभर पोटात गेलं की किलोभर वजन वाढलं. अख्ख्या तालुक्याला पाणी पाजतोय मी, आन तू एक..."

लाऊडस्पीकर खरखरला. फायनलच्या गाड्या रांगेत लावायला सांगत होते. पाणी प्यावं तर उपवास मोडणार. न प्यावं तर शर्यत जाणार. दोन्हीतलं एक कायमचं हातचं सुटणार, आणि उपवास कशापायी, हे सिद्धेश्वरला सांगायचीही चोरी!

"जिंकायचा नवस बोललीस ना?" तो काकुळतीला आला. "मंग बाद झाल्यावर तो नवस काय चाटायचा हाय का?"

"जिंकायचा न्हाई!" ती ओरडलीच. आवाज चिरकला, डोळे भरून आले. "सोळा सोमवार धरलेत मी. आज शेवटचा. सोळा सोमवार पोरी कशापायी धरत्यात, ठावं न्हाई का तुला?"

बाटली त्याच्या हातात तशीच राहिली.

"कोणापायी... धरलेस?"

"हाय एक टँकरवाला. उद्या लातूरला चाललाय." तिनं बाहीनं डोळे पुसले. "हे पाणी प्याले तर तो तिकडचाच व्हायचा."

सिद्धेश्वर मटकन खाली बसला, थेट तिच्या कार्टच्या चाकाजवळ. हसावं की रडावं, त्याला कळेना.

"येडी का खुळी गं तू? वैजनाथानं मला टँकरसकट तुझ्या वाटंत आडवा घातला. आणखी काय करायचं देवानं? आन मी लातूरचं सांगितलं ते... तू 'जाऊ नको' म्हणशील म्हणून सांगितलं!"

"खरं?"

"परळीच्या पायरीवर हात ठेवून सांगतो."

"मंग देवाला काय सांगू, उपवास कोणी मोडला म्हणून?"

त्यानं बाटलीचं झाकण उघडलं. "सांग, ज्याला मागितलं, त्यानंच पाजलं."

अंजनानं त्याच्याकडं बघितलं... आणि घटाघटा बाटली रिकामी केली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पुसायला त्याचा हात पुढं झाला, पण कुंपणापलीकडून रामकिसन बघत होते. हात तसाच मागं गेला.

झेंडा हलला. नांदेडचा पोरगा सुरुवातीलाच पुढं सुटला. प्रत्येक वळणाला अंजनाच्या पोटात पाणी डचमळत होतं, मळमळत होतं, पण तिनं त्याची पाठ सोडली नाही. शेवटच्या फेरीत वळण घेताना तो जरासा बाहेर सरकला. एवढीशी फट! अंजनानं कार्ट आत घातली, चाकाला चाक घासलं, रबराचा धूर उठला... आणि ती पुढं निघाली.

पण जिंकली असं कुणी म्हणेना. सगळे काट्याकडं धावले. अंजनानं डोळे गच्च मिटून घेतले.

"बरोबर आहे," पंच म्हणाले. "पहिली!"

रामकिसननं फेटा हवेत उडवला. त्या गर्दीतून वाट काढत सिद्धेश्वर तिच्याजवळ आला, तेव्हा तिचं तोंड मात्र पडलं होतं.

"सगळा हंगाम बाहेर राहावं लागंल मला. आज इथं, उद्या तिथं..."

"जा की! मी काय गतिरोधक हाय?" असं म्हणत त्यानं फोन काढला. "आई, लातूरला न्हाई जायचं. पोरगी मी बघितली. दिंद्रुडची हाय... आपल्यातली न्हाई." त्यानं घाम पुसला आणि फोन सरळ अंजनाच्या हातात दिला. "घे. तूच बोल."

चाकाला चाक घासताना न घाबरलेल्या पोरीनं आता फोन दोन्ही हातांनी धरला.

"जी... मी अंजना. रामकिसन ड्रायव्हरची."

"गाडी पळवणारी ती?" सिद्धेश्वरच्या आईचा, शिवकांताबाईंचा, आवाज खणखणीत होता.

"जी."

"कितवी आलीस?"

"पहिली."

सिद्धेश्वरनं फोनला कान लावला. मग पलीकडून सुस्कारा आला.

"उद्याची जीप तर मी सांगून ठेवलीय. आता ती दिंद्रुडलाच वळवते. तुझ्या आईला सांग, पाव्हणे येणार हायेत."